पीसीओएस : कोणती गोळी कशासाठी आणि किती काळ घ्यावी लागते?

शेवंती :

नमस्कार. मी २७ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बँकेत नोकरी करते. तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली तेव्हापासून ती महिन्याच्या महिन्याला कधीच आली नाही. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येत असे आणि घरात कोणाला त्याचे काही वाटत नसे, कारण आईचे आणि मावशीचेही तसेच होते. नोकरी लागली, बैठे काम वाढले आणि हे अंतर दोन-दोन महिन्यांवर गेले. हनुवटीवर जाड केस येऊ लागले, मानेच्या मागची त्वचा काळपट झाली. दोन वर्षांपूर्वी पीसीओएसचे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडामुळे बीजांडकोशातून बीज नियमित बाहेर न पडण्याचा विकार) निदान झाले आणि डॉक्टरांनी २१ गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट सहा महिने घ्यायला सांगितले. ते सहा महिने पाळी घड्याळ लावल्यासारखी आली. गोळ्या संपल्यावर मी बरी झाले असे समजून पुन्हा दवाखान्यात गेले नाही, आणि तीन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यंदा पाळी ११० दिवस आली नाही आणि आली ती बारा दिवस थांबली नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे रक्ततपासण्या ठीक आल्या आहेत. उपाशीपोटीची साखर ९६ आहे. वजन ७१ किलो, उंची १५७ सेंटिमीटर. चिठ्ठीवर पुन्हा त्याच प्रकारचे २१ गोळ्यांचे पाकीट आहे आणि सोबत मेटफॉर्मिन ५००, दिवसातून दोनदा. बाहेर इतकी गर्दी होती की विचारायचे ते सारे तोंडातच राहिले.

ज्या गोळ्यांनी आजार गेला नाही त्याच पुन्हा का घ्यायच्या? साखर ठीक असताना मधुमेहाचे औषध कशासाठी? मेटफॉर्मिन सुरू केल्यापासून पोटात कळ येऊन दिवसातून तीन-चार वेळा उठावे लागते, आणि काउंटरसमोर रांग असताना खुर्ची सोडणे मला फार अवघड जाते. गेल्या वर्षी रात्रीचे जेवण बंद करून आणि दुपारी नुसत्या सूप-काकडीवर राहून मी दोन महिन्यांत सहा किलो वजन उतरवले होते. पुढच्या चार महिन्यांत ते सात किलो होऊन परत आले. आता ‘वजन कमी करा’ एवढे ऐकले तरी डोळ्यांत पाणी येते. घरी स्थळे पाहणे सुरू आहे. आई म्हणते, लग्न झाले की सगळे आपोआप सुरळीत होते. मावशी म्हणते, या गोळ्या घेतल्या तर पुढे मूल होत नाही. जाणकारांनी आणि अनुभव घेतलेल्या मैत्रिणींनी कृपया सविस्तर लिहावे.

रानजाई :

शेवंती, मी ४१ वर्षांची आहे आणि हे दुखणे माझ्या सोबतीला आहे त्याला वीस वर्षे झाली. वयाने मोठी म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. तुझा पहिला प्रश्न मला तुझ्या वयात पडलाच नव्हता, म्हणून त्याचेच उत्तर आधी देते.

पाकिटातील त्या गोळ्या पीसीओएस घालवण्यासाठी दिलेल्याच नसतात. हे दुखणे मुळापासून घालवणारे औषध आज उपलब्ध नाही. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब वाढला तर गोळी निकामी होती असे आपण म्हणत नाही, तसेच इथेही आहे. या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे अशी दोन संप्रेरके असतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत नाही आणि ठरावीक दिवशी गळून पडते. बीजांडकोशात तयार होणारी पुरुषी संप्रेरके कमी होतात; शिवाय यकृतात एक प्रथिन जास्त तयार होऊ लागते, जे रक्तात मोकळी फिरणारी पुरुषी संप्रेरके बांधून ठेवते, आणि म्हणून हनुवटीवरचे केस व मुरमे आटोक्यात येतात. मात्र केसांची वाढ संथ असल्यामुळे सहा महिने होईपर्यंत फरक दिसत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी तुझे पाकीट बंद झाले. पाकीट सुरू असताना येणारा रक्तस्राव ही नेहमीच्या अर्थाने पाळी नसते, कारण त्या महिन्यात बीज बाहेर पडलेले नसते. तो स्राव घड्याळ लावल्यासारखा आला म्हणजे आपण बरे झालो, हा समज तुझ्याप्रमाणे माझाही होता.

आता अस्तराविषयी लिहिते, कारण ही गोष्ट मला कोणी बसवून सांगितली नव्हती. बीज बाहेर पडले की बीजांडकोश प्रोजेस्टेरॉन तयार करतो, त्याची पातळी उतरली की अस्तर गळते आणि पाळी येते. आपल्यासारख्यांमध्ये महिनोन्‌महिने बीजच बाहेर पडत नाही. मग एकटे इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहते, ते जाड होत जाते आणि शेवटी वेडेवाकडे गळू लागते. तुझे बारा दिवसांचे जाणे बहुधा याच प्रकारचे असावे. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराआड लटकवलेल्या कॅलेंडरवर मी दुधाचा हिशोब लिहीत असे आणि पाळीच्या तारखेभोवती लाल गोल करीत असे. तेहतिसाव्या वर्षी सलग पाच पाने उलटली आणि त्यांवर एकही लाल गोल नव्हता. मुलाच्या शाळेच्या आणि सासूबाईंच्या आजारपणाच्या धावपळीत मला ते सोयीचेच वाटले. सहाव्या महिन्यात जे सुरू झाले ते बावीस दिवस थांबले नाही. हिमोग्लोबिन ७.८ वर आले, जिना चढताना मध्येच बसावे लागे. सोनोग्राफीत अस्तर १७ मिलिमीटर निघाले आणि त्याचा तुकडा तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस मी कसे काढले ते लिहिण्याचे बळ आजही नाही. पेशींची अवाजवी वाढ होती, पण कर्करोगाकडे झुकणारा बदल नव्हता. संप्रेरक सोडणारी तांबी बसवली, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा अस्तर पूर्ववत झाले होते.

तुला घाबरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. तरुण वयात गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण मुळात कमीच असते. पीसीओएसमुळे ते वाढते, पण अस्तर वेळच्या वेळी गळू दिले तर हा धोका टाळता येतो. ज्यांना रोजची गोळी नको असते किंवा चालत नाही, त्यांना डॉक्टर दोन-तीन महिन्यांतून एकदा दहा ते चौदा दिवस नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात. मार्ग कोणताही असो, नव्वद दिवस कोरडे जाऊ द्यायचे नाहीत, एवढे मात्र पाळ. आणि कॅलेंडरवर गोल करत जा. डॉक्टरांपुढे आठवणीने सांगण्यापेक्षा ती बारा पाने ठेवली की पाच मिनिटांत बोलणे मुद्द्यावर येते.

गोकर्ण :

मी औषधनिर्माता आहे आणि सोळा वर्षे औषधांचे दुकान चालवतो. शेवंतीताईंनी मेटफॉर्मिनबद्दल जे विचारले ते चिठ्ठी घेऊन आलेल्या मुली मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी विचारतात, आणि अनेकदा विचारण्याआधीच गोळी सोडून दिलेली असते.

इथे मुद्दा साखरेपेक्षा इन्सुलिनचा आहे. पीसीओएस असलेल्या बऱ्याच स्त्रियांचे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडून साखर ताळ्यावर ठेवते. उपाशीपोटीचा आकडा ९६ दिसतो आणि आपण निश्चिंत होतो. परंतु रक्तात वाढलेले हे इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके जास्त तयार करायला लावते आणि रानजाईताईंनी सांगितलेले ते बांधून ठेवणारे प्रथिन घटवते. मानेवरचा मखमली काळपटपणा हे वाढलेल्या इन्सुलिनचेच लक्षण असते, तो मळ नव्हे. काथ्याने किंवा दगडाने मान घासून सोललेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. मेटफॉर्मिन यकृतातून बाहेर पडणारी साखर कमी करते आणि शरीराला इन्सुलिनची दाद द्यायला मदत करते. फ्रान्समध्ये १९५७ साली ते मधुमेहासाठी पुढे आले, त्यामुळे त्याचे दुष्परिणाम दीर्घ वापरातून चांगले माहीत झालेले आहेत. एकट्या मेटफॉर्मिनने साखर एकदम खाली जाऊन चक्कर येणे सहसा होत नाही. मात्र वजन उतरवण्याचे औषध म्हणून त्याच्याकडे पाहू नये. उतरले तर थोडेसेच उतरते. हनुवटीच्या केसांवरही त्याचा फारसा परिणाम होत नाही, ते काम पाकिटातील गोळ्यांचे.

पोटाच्या त्रासाबद्दल डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण तो सहन करत बसण्याची गरज नाही. साधारणपणे ५०० ची एकच गोळी जेवणासोबत सुरू करतात आणि एक-दोन आठवड्यांनी एकेक वाढवतात. पहिल्याच दिवसापासून दोन गोळ्या, त्यातही सकाळची गोळी चहा-बिस्किटावर घेतली, तर पोट बिघडणारच. जेवण निम्मे झाल्यावर गोळी घ्या आणि उरलेले जेवण नंतर करा. हळूहळू विरघळणारी गोळीही मिळते, ती पुष्कळ जणींना सोसते. चिठ्ठीत तसा बदल डॉक्टरच करतील. ती गोळी तोडू किंवा चावू नये. तिचे रिकामे कवच कधी कधी शौचात जसेच्या तसे दिसते, त्यामुळे औषध लागू पडले नाही असे समजू नका, आतील औषध शोषले गेलेले असते. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि आपल्याकडे शाकाहारी लोकांत ते आधीच कमी असल्याने वर्षातून एकदा तपासून घ्यावे. हातापायांना मुंग्या येत असतील तर वर्षाची वाट पाहू नये.

पाकिटातील गोळ्यांबाबत एक विनंती आहे. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा येणारी अर्धशिशी, वाढलेला रक्तदाब, पायात किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा स्वतःचा किंवा जवळच्या नात्यातला इतिहास, आणि पस्तिशीनंतरचे धूम्रपान, यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय गोळी सुरू करू नये. जुन्या चिठ्ठीवर ‘तेच पाकीट द्या’ म्हणून पाच-पाच वर्षे एकदाही रक्तदाब न मोजता गोळ्या नेणाऱ्या ताईंना मी परत पाठवतो, तेव्हा त्यांना राग येतो, पण माझा इलाज नसतो. सायप्रोटेरोन असलेली पाकिटे मुरमांसाठी आपल्याकडे सर्रास दिली जातात. त्यांत गुठळीचा धोका इतरांपेक्षा जास्त असल्यामुळे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ती पहिली निवड नाही. केसांसाठी काही जणींना स्पायरोनोलॅक्टोन देतात, ते घेत असताना गर्भधारणा होऊ देऊ नये, कारण गर्भ मुलाचा (पुरुषलिंगी) असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

पारिजात :

माझा अनुभव वेगळा आहे. सहा वर्षांपूर्वी मी सर्व गोळ्या बंद केल्या. रोज सकाळी मेथीचे पाणी, एका ओळखीच्या बाईंनी दिलेले चूर्ण आणि एक तास चालणे एवढेच ठेवले. वर्षभरात सात किलो वजन उतरले आणि पाळी ३२ ते ३५ दिवसांवर आली. बाहेरची संप्रेरके शरीरात घालून निसर्गक्रमात ढवळाढवळ करू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे.

कोरांटी :

पारिजातताई, तुमची पाळी नियमित झाली याचा आनंद आहे आणि तुमचा अनुभव खोटा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. मी आहारतज्ज्ञ आहे. वजनाच्या पाच ते दहा टक्के घट झाली तर अनेक स्त्रियांमध्ये पुन्हा बीज बाहेर पडू लागते, हे चांगले माहीत आहे. त्यामुळे श्रेय सात किलोंना आणि तुमच्या त्या रोजच्या एका तासाला द्यावे, असे मला वाटते. मेथीच्या पाण्याने अपाय नाही. घटक न छापलेल्या चुर्णाबद्दल मात्र काळजी वाटते. आयुर्वेदाचे उपचार घ्यायचे असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडून घ्यावेत आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या त्यांना सांगाव्यात. शिवाय प्रत्येकीची पाळी वजन उतरवून येतेच असे नाही. माझ्याकडे ४८ किलो वजनाच्या मुलीही पीसीओएस घेऊन येतात, त्यांना वजन उतरवायला सांगणे हा अन्याय आहे.

शेवंतीताई, सूप-काकडीने उतरलेले वजन परत आले यात तुमचा दोष नाही. उपाशी ठेवलेले शरीर भूक वाढवते, आणि स्नायू झिजलेले असल्यामुळे खर्चही कमी करते. तुमच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. एवढेच लक्ष्य सहा महिन्यांसाठी ठेवा. पीसीओएससाठी म्हणून कोणताही एक आहार इतरांपेक्षा श्रेष्ठ ठरलेला नाही, म्हणून जो घरात वर्षानुवर्षे रांधता येईल तोच निवडावा. बँकेत काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियांचा दिवस मला असा दिसतो : सकाळी चहा-खारी, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी, पाच वाजता दोन साखरेचे चहा आणि फरसाण, रात्री साडेनऊला खरे जेवण. यात प्रथिने जवळजवळ कुठेच नाहीत. डब्यात एक पोळी कमी करून मटकीची किंवा चवळीची वाटीभर घट्ट उसळ घाला, सोबत कोशिंबीर आणि ताक. पाच वाजता फरसाणाऐवजी फुटाणे किंवा उकडलेले अंडे घ्या. रात्रीचे जेवण आठच्या आत आणा, पण बंद करू नका. ज्वारीची भाकरी उत्तमच, परंतु भाकरी म्हणजे औषध असे समजून चार खाल्ल्या तर हिशोब तोच राहतो. उपवास करत असाल तर साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस हा जोड सोडा. भगर, शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिरा यांवर उपवास मोडत नाही.

व्यायामाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते. चालणे चांगलेच, आठवड्याला किमान १५० मिनिटे आणि शक्य तर त्याहून जास्त. पण आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायामही हवा, कारण जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच शोषून घेतात आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनला दाद देतो. त्यासाठी जिमच हवी असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला टेकून दंड, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या खांद्यावर उचलणे, पायरीवर चढ-उतार, असे वीस मिनिटे करा. वजनकाट्यावर महिनाभर काही दिसणार नाही. कमरेचा घेर मोजत राहा, तो आधी उतरतो. आणि काट्यावर काहीच हलले नाही तरी या व्यायामाचा इन्सुलिनला होणारा फायदा वाया जात नाही.

निगडी :

वरील चर्चा वाचून माझ्या मुलीबद्दल विचारते. ती १५ वर्षांची आहे, पाळी सुरू होऊन दोन वर्षे झाली, ती साधारण चाळीस दिवसांनी येते. एका ठिकाणी सोनोग्राफी करून ‘पीसीओडी आहे’ (पीसीओएसलाच असेही म्हणतात) असे सांगितले आणि गोळ्या लिहून दिल्या. केस किंवा मुरमे फारशी नाहीत. गोळ्या सुरू कराव्यात का?

बकुळ :

निगडीताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय उपचार सांगता येत नाहीत, पण निदानाची रीत सांगते, ती दोघींच्याही उपयोगाची आहे. २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात : बीज बाहेर न पडल्यामुळे अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीत बीजांडकोशाचे विशिष्ट रूप. त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथीचे विकार नाहीत याची खात्री करावी लागते. किशोरवयीन मुलींना मात्र तिसरा निकष लावतच नाहीत. पहिल्या पाळीपासून आठ वर्षे होईपर्यंत निरोगी मुलींच्या बीजांडकोशातही पुष्कळ पुटके दिसतात, म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत या वयात सोनोग्राफीवरून निदान करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. पाळी सुरू होऊन एक ते तीन वर्षे झालेली असताना ४५ दिवसांपर्यंतचे अंतर अनियमित धरत नाहीत. तुमच्या मुलीचे चाळीस दिवस आणि लक्षणांचा अभाव पाहता, दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय तिच्यावर आयुष्यभराचा शिक्का मारू नये.

सोनोग्राफीत दिसतात त्या गाठीही नव्हेत. दोन ते नऊ मिलिमीटरची ती बीजपुटके असतात, जी वाढता वाढता मध्येच थांबलेली असतात. ‘सिस्ट’ हा शब्द नावात अडकल्यामुळे शस्त्रक्रिया करून त्या काढून टाका म्हणणारे नातेवाईक मला अजूनही भेटतात.

शेवंतीताई, तुमची मान, वजन आणि आपला भारतीय वंश लक्षात घेता उपाशीपोटीच्या एका आकड्यावर थांबू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर मोजण्याची चाचणी करून घ्या, आणि रक्तातील चरबीचे प्रमाण व रक्तदाबही तपासा. मन उदास राहणे, झोप न लागणे, घोरणे हेही या दुखण्याचाच भाग म्हणून डॉक्टरांना सांगायचे असते. मुंबईच्या जवळपास राहणाऱ्या स्त्रियांसाठी, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या परळ येथील प्रजनन आरोग्यविषयक संस्थेत पीसीओएससाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालवला जातो.

अबोली :

शेवंतीताई, तुमच्या मावशींच्या भीतीबद्दल मी लिहिते, कारण माझ्या लग्नाआधी घरात हीच भीती होती. मी चार वर्षे पाकिटातील गोळ्या घेतल्या होत्या. त्या बंद केल्यावर माझी बीजनिर्मिती पुन्हा माझ्या मूळ स्वभावावर आली, म्हणजे दोन-तीन महिन्यांतून एकदा. त्यात गोळ्यांचा दोष नव्हता, ती आधीपासूनच तशी होती. आईंनाही सांगा की लग्नाने पीसीओएस जात नाही, आणि पीसीओएस असले म्हणजे मूल होत नाही हेही खरे नाही. पुष्कळ जणींना उपचाराशिवाय दिवस जातात. उलट पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणार नाहीत असे गृहीत धरू नका, विशेषतः मेटफॉर्मिन आणि व्यायामाने बीज पुन्हा बाहेर पडू लागते तेव्हा.

लग्नानंतर दीड वर्षाने मला लेट्रोझोल दिले. घरी येऊन पाकिटातला कागद वाचला तर त्यावर स्तनाच्या कर्करोगाचे औषध असे लिहिलेले, आणि शोधल्यावर कळले की वंध्यत्वासाठी त्याचा वापर भारतात २०११ मध्ये बंद केला होता. दोन दिवस मी गोळीला हात लावला नाही. नंतर डॉक्टरांनी समजावले की ती बंदी २०१७ मध्ये उठवली गेली. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेतील ७५० स्त्रियांवरील अभ्यासात, क्लोमिफेन या जुन्या औषधाने १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर लेट्रोझोलने २७.५ टक्के. आज पीसीओएसमध्ये बीज बाहेर पडण्यासाठी पहिली निवड तेच आहे. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस गोळी, आणि मग बाराव्या, चौदाव्या दिवशी सकाळी सोनोग्राफी. त्या बाकावर आम्ही सात-आठ जणी बसत असू, आणि आत गेलेली बाहेर आली की कोणीच तोंडाने विचारत नसे, फक्त पाहत असू. एकदा एक अनोळखी बाई बाहेर आली आणि तिने नुसती दोन बोटे दाखवली, म्हणजे बीजपुटक वीस मिलिमीटरपर्यंत वाढले होते. सगळ्या हसलो होतो. मला तिसऱ्या महिन्यात यश आले. गर्भारपणात साखर वाढली, ती आहाराने आटोक्यात राहिली. पीसीओएस असलेल्यांनी ही तपासणी लवकर करून घ्यावी. आता मुलगी चार वर्षांची आहे.

शेवंती :

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण आधी करून पाहायचे आणि मग लिहायचे असे ठरवले होते.

पुन्हा डॉक्टरांकडे गेले, या वेळी प्रश्न कागदावर लिहून. मेटफॉर्मिनची हळू विरघळणारी गोळी रात्रीच्या जेवणासोबत दिली आहे. पहिले दहा दिवस एकच, आता दोन. पोटाचा त्रास आठवड्यातून एखाद्या दिवसावर आला आहे. गोळीचे कवच मलाही दिसले, गोकर्णदादांनी लिहिले नसते तर मी औषध बंद केले असते. रक्तदाब मोजला, तो ११८/७६ आहे, आणि अर्धशिशी किंवा गुठळीचा इतिहास नसल्यामुळे पाकिटातील गोळ्या किमान वर्षभर चालू ठेवायच्या आहेत. लग्नानंतर मूल हवे असेल तेव्हा आधी येऊन भेटा, असे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले.

ग्लुकोजची चाचणी केली. उपाशीपोटी ९७ आणि दोन तासांनी १५६. म्हणजे मधुमेह नाही, पण १४० या मर्यादेच्या पुढे गेलेले आहे. बकुळताई, हा आकडा तुमच्यामुळे वेळेवर कळला. अहवाल आईला दाखवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की तिच्या आईला चाळिशीतच मधुमेह झाला होता आणि तिचीही मान अशीच काळी होती. आता आईही तीच चाचणी करायला तयार झाली आहे.

वजन ७०.४ आहे, कमरेचा घेर दोन सेंटिमीटर उतरला. उसळीचा डबा बँकेत दोघींनी उचलला आहे, आमच्या शाखेतील शिपाईमावशींच्या मुलीलाही हेच दुखणे निघाले. खुर्चीवरची उठ-बस मी संध्याकाळी शटर पडल्यावर कॅश जुळेपर्यंतच्या वेळात करते. कोरांटीताई, एकच विचारायचे आहे : उठ-बस वीसपर्यंत सहज होऊ लागली की संख्या वाढवायची, की हातात बाटल्या धरून तेवढीच करायची?

कोरांटी :

बाटल्या धरा आणि बारावर या. तीन वेळा बारा, मध्ये एक-एक मिनिट थांबून. गुडघा दुखला तर उंच खुर्ची घ्या. आईंच्या चाचणीचा आकडा आला की तोही इथे कळवा, त्यांच्या जेवणाचे मग स्वतंत्रपणे पाहू.